आपला एक माणूस आहे तिथं

सरकारी संशोधन संस्थेकडून तांत्रिक मदत मिळवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला संस्थेच्या माहितीपत्रकात छापलेला असतो: अर्जाचा नमुना, चाचणीचे शुल्क, वस्तू किती आणि कशात आणायची, कोणत्या खिडकीवर द्यायची. दुसरा कुठेही छापलेला नाही आणि तो सर्वांना पाठ आहे. त्याची सुरुवात ‘आपला एक माणूस आहे तिथं’ या वाक्याने होते. पहिल्या मार्गाने जाणाऱ्याला नोंदणी क्रमांक मिळतो, दुसऱ्याने जाणाऱ्याला चहा मिळतो. उत्तर पुष्कळदा एकाच टेबलावरून निघते.

महाराष्ट्रात दुसरा मार्ग इतका रुळला याला भूगोल कारणीभूत आहे. एकट्या पुण्याच्या आसपास पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल, १९५०), खडकवासल्याला केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र (१९१६), मांजरीला द्राक्ष संशोधन केंद्र (१९९७) आणि खुद्द शहरात राष्ट्रीय विषाणू संस्था (१९५२) अशी दाटी आहे. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आले. पुढे ते दिल्लीला गेले, मोठे कार्यालय मात्र मागे राहिले आणि शिवाजीनगरच्या त्या चौकाला रिक्षावाले आजही सिमला ऑफिसच म्हणतात. राजगुरुनगरला कांदा-लसूण, सोलापूरला डाळिंब, नागपूरला कापूस, संत्री आणि पर्यावरण अभियांत्रिकी, माटुंग्याला कापसाचे तंत्रज्ञान (१९२४), तुर्भ्याला अणुशक्ती आणि शेजारी गोव्यात दोना पावलाला समुद्र (१९६६). शिवाय राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चार कृषी विद्यापीठे. ज्या मराठी कुटुंबाचे यांपैकी एकाही ठिकाणी कोणी नाही, त्या कुटुंबाच्या शेजाऱ्याचे असतेच.

अडचण एवढीच की संस्था विषयानुसार वाटलेल्या आहेत आणि नातेवाईक नशिबानुसार. तासगावच्या बागायतदाराचा भाचा नेमका रसायनात निघतो, भोसरीच्या कारखानदाराचा साडू नेमका द्राक्षात. तरी कोणी थांबत नाही. ज्याचा जिथे माणूस आहे तो तिथे जातो, प्रश्न कोणताही असो.

खडकवासल्याच्या केंद्रात बंदरांच्या आणि धरणांच्या सांडव्यांच्या लहान प्रतिकृती बांधतात, त्यांत पाणी सोडतात, भरती-ओहोटी घडवतात आणि गाळ कुठे साचेल ते पाहतात. तिथल्या अभियंत्याला तो राहतो त्या सोसायटीत एकच प्रश्न विचारला जातो: गच्ची गळते, काय करायचं? ‘तुमचं पाण्याचंच आहे ना सगळं’ या युक्तिवादाला उत्तर नसते. अभियंता रविवारी सकाळी वर जाऊन पाहतो. पावसाच्या पाइपाच्या तोंडाशी पिंपळाचे रोप वीतभर वाढलेले असते. ते सेक्रेटरींनाही दोन वर्षे दिसत होते. पण केंद्र सरकारच्या माणसाने सांगितल्याखेरीज ते उपटण्याचा खर्च सर्वसाधारण सभेत मंजूर होत नाही.

हवामान खात्यातल्या माणसाची स्थिती याहून नाजूक असते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत देशभर सरासरी ८७ सेंटिमीटर पाऊस पडतो. यंदा त्याच्या किती टक्के पडेल हे खाते एप्रिलमध्ये सांगते आणि त्यात पाच टक्के इकडे-तिकडे धरायला सांगते. ९६ ते १०४ टक्क्यांच्या दरम्यान पडला तर तो सर्वसाधारण. सगळ्या देशाचा, सगळ्या हंगामाचा हा हिशेब. लग्न ठरलेल्या मुलीचे वडील हे सगळे पेपरात वाचून येतात आणि विचारतात, ‘नऊ जूनला संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ, लॉनवर पडेल का?’ अचूकता यावी म्हणून लॉन सिंहगड रस्त्यावर आहे, डाव्या हाताला, हेही सांगतात. गडगडाटी पावसाचा तातडीचा इशारा जेमतेम तीन तास आधी निघतो आणि इथे पत्रिका छापायला टाकायची असते. शास्त्रज्ञ ‘वर पत्रे घाला’ एवढेच म्हणतो. हा सल्ला हवामानशास्त्रातून आलेला नसतो, त्याच्या स्वतःच्या बहिणीच्या लग्नातून आलेला असतो. तरी ‘वेधशाळेतून आतलं कळलं’ म्हणून तो आठ दिवसांत तीन कार्यालयांपर्यंत पोहोचतो आणि मांडववाल्यांचे भले होते.

उलट उदाहरणेही आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्रात भुईमुगाचे बी मागायला गेलेला शेतकरी अडाणी वाटेल, पण तो अगदी योग्य दारात उभा असतो. किरणांचा मारा करून पिकांचे नवे वाण काढण्याचे काम तुर्भ्याला कित्येक वर्षे चालले आहे. टीएजी-२४ हा भुईमूग तिथलाच; त्याच्या नावात तुर्भे आणि अकोला शेजारी-शेजारी बसले आहेत. लासलगावला कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून त्यावर किरण सोडणारे ‘कृषक’ केंद्र अणुऊर्जा खात्यानेच उभारले आणि २००७ साली अमेरिकेला निघालेला हापूस तिथून किरण खाऊन गेला. अनुशक्तीनगरात राहणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञाला मात्र यातले काही ठाऊक नसते. गावाहून काका आले आणि बी मागू लागले की तो ‘काका, आमच्याकडे अणुभट्टी असते’ असे समजावून त्यांना वडा-सांबार खाऊ घालून परत पाठवतो. काका गावी जाऊन ‘पोरगं मोठं झालं, विसरलं’ असे सांगतात. बी चार इमारती पलीकडे असते.

यातून एक गोष्ट दिसते. ओळखीतल्या शास्त्रज्ञाकडे त्याचा स्वतःचा विषय बहुतेकांना नकोच असतो. त्याचा खरा उपयोग ‘हा माझा विषय नाही, पण अमुक जणाला विचारून बघतो’ एवढ्या एका वाक्यासाठी असतो. संस्थेच्या दूरध्वनी-यादीत चारशे नावे आणि पदे असतात; कोण खरोखर काय करतो, कोण फोन उचलतो आणि कोण निवृत्तीची वाट पाहतो आहे हे त्या यादीत नसते. ते फक्त आतल्या माणसाला ठाऊक. म्हणून सासरची मंडळी, जावई अशा संस्थेत आहे म्हटल्यावर, पहिल्याच दिवाळसणाला फराळाच्या ताटाशेजारी चिकूची वाळकी फांदी आणून ठेवतात. जावई प्लाझ्मा भौतिकीत असला तरी ती त्याला पुण्याला न्यावीच लागते.

दुवा रक्ताचा असतो, सोयरिकीचा असतो, कॉलेजच्या बॅचचा, गावचा किंवा नुसता लिफ्टमधला. प्रकार कोणताही असो, दुवे दोनच असले तर काम होते. तिसरा आला की मदत मिळते, पण वेगळ्याच प्रश्नाला. बोअरच्या पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो अशी मूळ तक्रार असते. साडूपर्यंत ती ‘पाणी पिवळं येतं’ अशी होते आणि साडूच्या मित्रापर्यंत ‘पाणीच येत नाही’ अशी. वास बहुधा हायड्रोजन सल्फाइडचा असतो, पिवळेपणा बहुधा लोहाचा, आणि पाणी न येणे हे पंपाचे किंवा नशिबाचे. तिन्हींचे उपाय वेगळे. नागपूरहून उत्तर येते की आणखी शंभर फूट खाली जा. मालक जातो. शंभर फुटांवर तोच वास अधिक जोराने येतो.

कोणाची ओळख काढावी याबाबत नवखे लोक चुकतात. ते संचालकाची काढतात. संचालक सभ्य असतो, ‘पाठवून द्या’ म्हणतो आणि दिल्लीच्या बैठकीला निघून जातो. पाठवलेली वस्तू त्याच्या स्वीय सहायकाच्या कपाटावर, मागच्या वर्षी अशाच पाठवलेल्या वस्तूंच्या शेजारी जाऊन बसते. जाणकार लोक यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाची ओळख काढतात. यंत्र कधी रिकामे असते, कोणाचे नमुने रांगेत आहेत, मागच्या गुरुवारी वीज गेल्यापासून कोणता आकडा भरवशाचा राहिला नाही, हे त्यालाच ठाऊक असते. त्याच्याही वर एक पायरी आहे: कँटीनचा चालक. त्याच्याकडे सगळे विभाग दिवसातून दोनदा येतात आणि कोणाचे कोणाशी बरे आहे हे त्याला टेबलांवरून कळते.

दुवा जुळला की नमुना येतो. हा या विषयातला सर्वांत समृद्ध भाग आहे.

माती तपासायची तर शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्यावा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडावी, सगळी एकत्र करून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत आणि अर्धा किलो उरेपर्यंत असे करत राहावे, असे कृषी खाते सांगते. बांधाजवळची, झाडाखालची आणि शेणखताच्या ढिगाजवळची माती घेऊ नये, आणि ती स्वच्छ कापडी पिशवीत भरावी, हेही सांगते. ओळखीने येणारी माती बांधाजवळचीच असते, कारण गाडी बांधापर्यंतच जाते. पिशवी युरियाची रिकामी गोणी कापून केलेली असते. मग त्या मातीत नत्राचे प्रमाण असे काही निघते की शास्त्रज्ञाने आयुष्यात पाहिलेले नसते, आणि शेतकऱ्याला आपली जमीन कसदार असल्याचा पुरावा मिळतो.

पाण्यातले जंतू पाहायचे तर बाटली निर्जंतुक हवी आणि बर्फात घालून चोवीस तासांच्या आत पोहोचायला हवी. येते ती शीतपेयाची बाटली, आतून संत्र्याचा वास असलेली, शिवशाहीच्या मागच्या सीटखालून प्रवास केलेली. द्राक्षवेलीच्या अन्नद्रव्यांसाठी देठ तपासतात. खरडछाटणीनंतर साधारण दीड महिन्याने पाचव्या पानाचा देठ घ्यायचा असतो. देठ मागितले की टवटवीत पाने येतात, नीट पुसलेली, एकावर एक रचलेली आणि कचरा नको म्हणून देठ खुडून टाकलेली. वनस्पतीचे नाव हवे असेल तर फूल किंवा फळ लागते. त्याऐवजी व्हॉट्सॲपवर एका पानाचा फोटो येतो, त्यात पानापेक्षा अंगठा मोठा, आणि खाली ‘हे कशावर चालतं?’

वस्तू घेऊन संस्थेत शिरणे हा स्वतंत्र उद्योग आहे. फाटकावर नोंदवही असते, ओळखपत्र लागते, इंटरकॉमवरून आतल्या माणसाने ‘हो, सोडा’ म्हणावे लागते आणि तो नेमका तेव्हा जागेवर नसतो. संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळांत मोबाइलही बाहेरच ठेवतात. पारदर्शक पिशवीत पांढरी भुकटी घेऊन अशा फाटकावर उभे राहणाऱ्याने ‘खत आहे, साहेब’ कितीही प्रामाणिकपणे सांगितले तरी त्याची संध्याकाळ तिथेच होते. म्हणून मुरलेले लोक संस्थेत जातच नाहीत. ते रविवारी अकरा वाजता शास्त्रज्ञाच्या घरी जातात.

भोसरीचा एक लहान कारखानदार अशा एका रविवारी एनसीएलमधल्या शास्त्रज्ञाकडे येतो. त्याच्याकडे प्लास्टिकची एक खुर्ची आहे, तिचा पाय तुटला आहे, आणि अशा शंभर खुर्च्यांचे पाय तुटून परत आले आहेत. दाणा पॉलिप्रॉपिलीनचा म्हणून घेतला होता. पुरवठादार शपथेवर शुद्ध म्हणतो. रीतसर जायचे तर अवरक्त किरणांच्या यंत्रावर नमुना लावावा लागेल, त्यासाठी अर्ज, अंदाजपत्रक, १८ टक्के जीएसटी, आगाऊ भरणा आणि तीन आठवडे. शास्त्रज्ञ पायाचा एक तुकडा कापतो आणि धुणे भिजवलेल्या बादलीशेजारी एका तांब्यात साधे पाणी घेऊन त्यात टाकतो. शुद्ध पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलके असते, ते तरंगते. हा तुकडा तळाला जातो. मग तो चिमट्यात धरून गॅलरीत काडीने पेटवतो. मेणबत्तीसारखा वास येतो, म्हणजे जात पॉलिप्रॉपिलीनचीच आहे. पीव्हीसी असते तर नाकाला झोंबले असते आणि नायलॉन असता तर केस जळल्याचा वास आला असता. जळून गेल्यावर बरीच राख उरते. त्या राखेवर स्वयंपाकघरातून आणलेल्या लिंबाचे दोन थेंब. फसफसते.

‘खडू आहे,’ शास्त्रज्ञ म्हणतो. ‘फसफसलं नसतं तर टाल्क म्हटलं असतं.’

‘म्हणजे भेसळ?’

‘खडू घालतातच हो. खुर्ची ताठ राहते, स्वस्त पडते. किती घातला हा प्रश्न आहे. तुमच्यात जास्त पडलाय.’

या सगळ्याला चहा निवायला लागतो तेवढाच वेळ जातो. घरातून ‘गॅलरीत काय जळतंय?’ अशी विचारणा होते. कारखानदार लिंबाकडे संशयाने बघतो. त्याला यंत्र हवे होते. काडी आणि लिंबू त्याच्याकडेही होते, आणि सोमवारी तो पुरवठादाराला ‘एनसीएलमधून टेस्ट करून आणलंय’ असे दडपून सांगतो. पुरवठादार लगेच दर कमी करतो, कारण खडू किती घातला हे त्याला आधीपासून ठाऊक असते.

इथे दोन मार्गांतला खरा फरक उघड होतो. रीतसर अहवालात आकडे असतात. राख इतके टक्के, घनता इतकी, आणि तळाला लहान अक्षरांत: हा अहवाल फक्त सादर केलेल्या नमुन्यापुरता मर्यादित आहे, जाहिरातीसाठी किंवा न्यायालयीन कामासाठी वापरता येणार नाही. आकड्यांचा अर्थ काय, पुढे काय करावे, हे त्यात नसते. अहवालावर सही करणाऱ्याला अर्थ कळत नाही असे नव्हे. अर्थ लिहिला की त्याची जबाबदारी येते, जबाबदारी आली की समिती येते. तोंडी बोललेल्या वाक्याला जावक क्रमांक नसतो. त्यामुळे जे शास्त्रज्ञ कागदावर ‘अधिक अभ्यासाची आवश्यकता’ असे लिहितात, तेच चहाच्या वेळी ‘फेकून द्या ते’ म्हणतात. दोन्ही विधाने त्याच नमुन्याविषयी असतात आणि दोन्ही खरी असतात. लोकांना ओळखीचा माणूस हवा असतो तो बहुतेक वेळा या दुसऱ्या वाक्यासाठी, रांग चुकवण्यासाठी नव्हे. रांग चुकली तर नको असते असेही नाही.

द्राक्षाच्या हंगामात हे फार जवळून पाहायला मिळते. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की रात्री दहानंतर फोन सुरू होतात. फोटो येतो, पानावर पिवळट डाग.

‘साहेब, डावणी का?’

‘पान उलटं करून काढा.’

दुसरा फोटो येतो, त्याच बाजूचा, फक्त जवळून.

‘दादा, पान उलटं. मागची बाजू.’

तिसऱ्या फोटोत मागे पांढरी बुरशी दिसते आणि निदान होते. डावणी पानाच्या पाठीवर अशी फुलते, भुरी असती तर पांढरे वरच पसरले असते. मग कोणते औषध, किती, कधी, आणि तोडणीच्या किती दिवस आधी बंद, हा संवाद अर्धा तास चालतो. कार्यालयीन वेळेत याच प्रश्नाला लेखी उत्तर मागितले असते तर शिफारशीच्या पुस्तिकेची प्रत टपालाने आली असती. पुस्तिकेत चूक काहीच नसते. फक्त तिच्यात ‘उद्या सकाळी फवारा, आज रात्री झोपा’ हे नसते.

याच पिकात ओळखीची हद्दही दिसते. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाच्या अंशामुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडकली आणि कंटेनरच्या कंटेनर अंगावर आले. तेव्हापासून अंश तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कोणी ओळखीचा आहे का याची चौकशी फार होते. तो असतोही. पण निर्यातीचा नमुना प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेतून घेतो, तो ‘ग्रेपनेट’वर बागेच्या नोंदणी क्रमांकासह चढतो आणि यंत्र किलोमागे मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत खाली जाऊन मोजते. यंत्राला मामा नसतो. ओळखीचा माणूस आकडा दोन तास आधी सांगू शकतो. त्या दोन तासांत बागायतदाराला करण्यासारखे काही नसते. तो फक्त दोन तास आधी काळजीत पडतो आणि याबद्दलही आभार मानतो.

मोबदल्याचा प्रश्न कठीण आहे. सरकारी शास्त्रज्ञाने खासगी सल्ल्याचे पैसे परस्पर घ्यायचे नसतात. सल्लागारीची रीत संस्थेमार्फत आहे आणि तिचे शुल्क संस्थेत जमा होते. म्हणून मोबदला ऋतूप्रमाणे येतो. जानेवारीत हुरडा, मार्चमध्ये द्राक्षे, मेमध्ये आंबे, आणि मुलाच्या लग्नाची पत्रिका केव्हाही. घेतले तर आचारसंहिता आडवी येते, नाकारले तर माणूस दुखावतो. बहुतेक शास्त्रज्ञ मधला मार्ग काढतात: पेटी विभागात नेऊन फोडतात. परिणाम असा होतो की ज्या विभागाचा कोकणाशी संबंध आहे त्या विभागात मे महिन्यात सहकार्याची भावना वाढते, आणि गणिताच्या विभागाकडे कोणीच फिरकत नाही.

मोबदला उलट दिशेनेही वाहतो, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. २०१८ साली अमेरिकन लष्करी अळी भारतात पहिल्यांदा दिसली. डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षराची खूण आणि शेपटीकडच्या भागावर चौकोनात बसवल्यासारखे चार ठिपके, ही तिची ओळख. मक्याच्या पोंग्यात शिरून ती जे करते ते पाहिल्यावर शेतकरी घाबरला. कीटकशास्त्रज्ञालाही ती हवीच होती, कारण कीड कुठे पोहोचली हे त्याला कार्यालयात बसून कळत नाही. एरवी काडेपेटीत अळी घेऊन दारात उभा राहणारा मेहुणा पीडा वाटतो. त्या हंगामात त्याला आत बोलावून, बसवून, ‘कुठल्या शेतातली? पेरा कधीचा?’ असे विचारले गेले. मेहुण्याने हा मान जन्मभर लक्षात ठेवला आणि पुढे दर महिन्याला एक अळी आणली.

ज्याचा कुठेच कोणी नाही त्याचे काय होते, असा प्रश्न उरतो. त्याच्यासाठी कृषी विज्ञान केंद्रे आहेत, पहिले १९७४ साली पुद्दुचेरीला निघाले, आता जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात एखादे तरी सापडते. २००४ पासून किसान कॉल सेंटर आहे, तिथे मराठीत उत्तर मिळते. आणि सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे साधे पत्र: ‘मा. संचालक यांस’. पत्राला आवक क्रमांक पडतो, क्रमांक पडला की ते कोणाच्या तरी नावावर चढते आणि त्याला ते निकाली काढावेच लागते. मेहुण्याला आवक क्रमांक नसतो, त्याला ‘बघतो’ म्हणून वर्षभर थांबवता येते. त्यामुळे अनोळखी माणसाच्या नीट लिहिलेल्या पत्राला नातेवाइकाच्या आधी उत्तर जाणे हे तितके दुर्मीळ नाही. लोकांचा यावर विश्वास मात्र बसत नाही. ते पत्र टाकतात, आणि पत्र पोहोचले का हे पाहायला आतला माणूस शोधू लागतात. कित्येकदा तो सापडेपर्यंत उत्तर घरी आलेले असते. मग उत्तर त्याच्यामुळेच आले असे धरून त्याला पेढे देतात, आणि तो ते घेतो.

या व्यवस्थेतला सर्वांत उपयोगी माणूस निवृत्त शास्त्रज्ञ. एनसीएलसारख्या सीएसआयआरच्या प्रयोगशाळांत निवृत्तीचे वय ६०, कृषी संशोधन परिषदेत ६२. त्या दिवसापर्यंत ज्याला अर्ध्या वाक्यात उत्तर द्यावे लागे तो आता पूर्ण वाक्यात बोलू शकतो. त्याला वेळ असतो, वही असते, आणि चाळीस वर्षांत कोणत्या चुका कोणी केल्या हे तोंडपाठ असते. तो गच्चीवर यायला तयार असतो, बागेत यायला तयार असतो, अगदी चिकूची फांदीही हातात घेऊन उलटसुलट पाहतो. पण कधी तरी एखादा नमुना असा येतो की काडी-लिंबावर भागत नाही, यंत्रच लागते. मग तो पिशवी घेऊन आपल्या जुन्या संस्थेच्या फाटकावर जातो. सुरक्षारक्षक नव्या कंत्राटाचा असतो. नाव विचारतो, ओळखपत्र मागतो, ते मुदत संपलेले निघते. आत कोणाला भेटायचं, असे विचारतो. तीस वर्षे ज्या विभागाचा प्रमुख होता त्या विभागातली दोन नावे तो सांगतो. एक बदलून गेलेला असतो, दुसरा रजेवर. रक्षक सभ्यपणे बाजूचे बाक दाखवतो. निवृत्त शास्त्रज्ञ बसतो, मोबाइल काढतो आणि कँटीनवाल्याचा नंबर शोधू लागतो.